लंडनच्या ट्रान्झिटमधून आबांचा फोन

या फोरमवरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि कबूल करतो, बहुतेक वेळा मनात हसत. वायरिंग खराब असेल, झोप झाली नसेल, मांजर असेल... काहीतरी कारण मी स्वतःशी शोधून ठेवायचो. भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही. तरी लिहितोय, कारण या हकिगतीत एक गोष्ट अशी आहे जी मी बायकोखेरीज कुणालाही सांगितलेली नाही. ती अमानवीय वगैरे अजिबात नाही. ती मी केलेली आहे.

२००४ साल. आम्ही मिशिगनमध्ये ट्रॉयला राहत होतो – मी, मेधा आणि नऊ वर्षांची ईशा. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी आयटीचं काम बघायचो. आई गेल्यानंतर दोन वर्षांनी माझे वडील, आबा, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. वय एकाहत्तर. कराडच्या एका हायस्कूलमध्ये चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं.

अमेरिकेचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. त्यांचा सगळा जीव इंग्लंडमध्ये. जन्मभर ज्यांचे धडे शिकवले ते दगडी पूल, चर्चचे मनोरे, शेतांच्या कडेने जाणाऱ्या पायवाटा एकदा डोळ्यांनी बघायच्या, एवढंच. मी शब्द दिला होता – परतताना वाटेत लंडनला उतरू, मीही बरोबर येतो, आठ दिवस फिरू. ट्रॉयच्या लायब्ररीतून ते गाइडबुकं आणायचे. वहीत बाथ, यॉर्क, चेस्टर, मग कॉट्सवोल्ड्समधली खेडी अशी यादी, आणि प्रत्येक नावापुढे बसच्या वेळा. मेधाने चेष्टा केली की म्हणायचे, "अगं, ते दीडशे वर्षं राहून गेले आपल्याकडे. आपण आठ दिवस गेलो तर काय बिघडलं?"

ऑगस्टमध्ये माझं गाडं अडलं. पासपोर्टवरच्या एच-वन या नोकरीच्या व्हिसाची मुदत संपलेली, ग्रीन कार्डची फाइल अर्धवट. वकील म्हणाला, देशाबाहेर पडलात तर वकिलातीत पासपोर्टवर नव्या व्हिसाचं स्टँपिंग करूनच पुन्हा आत यावं लागेल, अडकूही शकता. त्या वर्षी आमच्यातले बरेच जण याच भीतीत होते. मला जमणार नाही असं आबांना सांगितलं, तर ते म्हणाले, मी एकटा जातो, कोच टूर असतात आणि इंग्रजी मला तुझ्यापेक्षा बरं येतं. इंग्लंडच्या व्हिसाचा फॉर्म त्यांनी स्वतःच त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात भरला, फोटो चिकटवले, पासपोर्ट जोडला आणि पाकीट माझ्या हातात दिलं. पोस्टात टाकायला.

मी ते टाकलं नाही.

आबा तिकडे एकटे पडले-झडले तर मी जाऊ शकणार नाही, ही काळजी खरी होती. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज तोंडावर आला होता, पाकीट गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये राहिलं, आणि एका टप्प्यानंतर ते तिथेच राहिलेलं मला सोयीचं वाटू लागलं. आबांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं, "आबा, व्हिसा नाकारला त्यांनी." पासपोर्ट परत दिला. का नाकारला विचारल्यावर म्हटलं, वयामुळे असेल.

ते थोडा वेळ पासपोर्टची पानं चाळत बसले. मग म्हणाले, "असेल. देश त्यांचा आहे."

भरपाई म्हणून एका रविवारी मी त्यांना डिअरबॉर्नला घेऊन गेलो. तिथल्या एका उघड्यावरच्या म्युझियममध्ये कॉट्सवोल्ड्समधलं एक खरंखुरं घर आहे – तिकडून दगड न् दगड बोटीने आणून पुन्हा उभारलेलं. मी म्हटलं, आबा, हेच इंग्लंड समजा. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ ठेवूनच उभे राहिले. मग इतकंच म्हणाले, "घर आणलं रे. पण ज्या उतारावर उभं होतं तो उतार कुठे आणला?"

ऑक्टोबरात ते निघाले. डेट्रॉइटहून लंडन, तिथे अकरा तास थांबून मुंबई. आपल्याकडे आईवडील एकटे जाणार असले की तिकिटावर व्हीलचेअर मागवायची रीत आहे. पाय धडधाकट असले तरी. एअरलाइनचा माणूस एका विमानातून दुसऱ्यात नेऊन बसवतो, मुलांच्या जिवाला घोर नाही. मीही मागवली. आबा रोज तीन मैल चालायचे. "मी पांगळा झालो का रे?" म्हणाले, पण बसले. काचेच्या दारातून त्यांना ढकलत नेताना मला त्यांची फक्त टोपी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी दहाच्या सुमारास, म्हणजे लंडनला दुपारचे तीन. मेधा स्वयंपाकघरात पोहे परतत होती, मी बाहेर सोफ्यावर. फोन वाजला.

"अरे, आबा बोलतोय. त्या घराचा उतार सापडला."

मला वाटलं, कॉलिंग कार्ड दिलंय त्यावरून लाउंजमधून करतायत, काहीतरी वाचलं असेल. पण मागे घंटा वाजत होत्या. मोठ्या, लांबच्या, एकीत एक मिसळणाऱ्या. आणि वारा. कुठून बोलताय विचारलं.

"चालत आलो. खाली ओढा आहे, पलीकडे चर्च. गवत फार ओलं आहे. मेंढ्या अगदी जवळ येतात रे, घाबरत नाहीत." आवाज आबांचाच, पण इतका निवांत की मी तो तसा कधी ऐकलेलाच नव्हता.

एव्हाना मेधाने आतला फोन उचलला होता. शेजारी ईशा तिला विचारत होती, "इज आबा इन इंग्लंड?"

मी म्हटलं, "आबा, एअरपोर्टच्या बाहेर कसे पडलात? तुमच्याकडे व्हिसा नाही."

"कुणी विचारलंच नाही."

खरं बोलायची वेळ होती तर ती होती. नाकारला नव्हता आबा, मी पाठवलाच नव्हता... एवढंच वाक्य. त्याऐवजी मी आवाज चढवला. "पकडतील तुम्हाला. आत्ताच्या आत्ता परत जा. त्या खुर्चीत जाऊन बसा."

बराच वेळ नुसत्या घंटा. मग ते म्हणाले, "जाऊ म्हणतोस?"

"हो. लगेच."

"बरं."

फोन बंद झाला.

पुढची चाळीस मिनिटं मी एअरलाइनच्या मागे लागलो. शेवटी लंडनमधल्या एका बाईंनी स्वतः जाऊन बघितलं. सांगितलं की तुमचे वडील व्हीलचेअरवाल्यांच्या लाउंजमध्ये आहेत, दुपारी बारापासून खुर्चीतच गाढ झोपलेले, पासपोर्ट आमच्या माणसाकडे आहे. आत्ता जरा चाळवले, म्हणाल्या. नंतर मी कॉलिंग कार्डच्या नंबरवर चौकशी केली. ते कार्ड एकदाही वापरलेलं नव्हतं.

मुंबईला माझी बहीण वैशाली त्यांना घ्यायला गेली होती. घरी पोचल्यावर तिचा फोन आला. बुटांसकट मोजे ओले आहेत, पँटच्या खालच्या पट्टीला कसलीशी कुसळं चिकटलीत, "विमानात पाणी सांडलं का रे दादा?" मी म्हटलं, आबांना फोन दे. लंडनहून फोन केला होतात का, असं त्यांना सरळ विचारलं.

"झोप लागली होती," ते म्हणाले. "तू हाक मारलीस म्हणून उठलो."

मी पुढे विचारलं नाही. त्यांनीही इंग्लंडचं नाव पुन्हा काढलं नाही. वहीसुद्धा उघडली नाही, असं वैशाली सांगते. सहा आठवड्यांनी दुपारच्या झोपेतच ते गेले. मी त्याच रात्रीच्या विमानाने निघालो. येताना मुंबईत स्टँपिंग केलं. खिडकीतल्या माणसाने दोन प्रश्न विचारले आणि व्हिसा दिला. ज्या गोष्टीला मी एवढा भ्यालो ती चार मिनिटांत संपली.

चार वर्षं झाली. क्रॉस कनेक्शन म्हणावं तर आवाज आबांचा होता. भास म्हणावा तर घंटा मेधानेही ऐकल्या, त्या कशा वाजत होत्या हे ती अजून सांगू शकते. मोज्यांचं कारण तर मला सुचतही नाही. मेधाचं म्हणणं, तू बोलावलं नसतंस तर त्या बाईंना खुर्चीतले आबा उठवता आले नसते, तुझ्यामुळे सहा आठवडे मिळाले. माझ्या समाधानासाठी म्हणते ती. पण ते सहा आठवडे आबांना हवे होते का, हे तिलाही सांगता येत नाही.

व्हिसा नाही, तिकीट नाही, मी नाही, तरी ते तिथे पोचले होते. कसे, ते मला माहीत नाही. परत जाऊ का, असं त्यांनी मला विचारलं होतं. आणि मी हो म्हटलं.