पारा आडवा कसा ठेवायचा?

सरांनी माझ्या आलेखाच्या कडेला तांबड्या शाईत लिहिलं होतं, ‘अक्ष तपासा’. मी वाचलं, ‘अंक तपासा’. आणि पाच महिने अंक तपासत बसले. सरांचा क्ष नेहमी घाईत असे, हे खरं. पण त्याला क मानून वर अनुस्वारही मीच माझ्या मनाने देऊन टाकला.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही नागपूरजवळ कोराडीला वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहत होतो: हे, सासूबाई, कॉलेजात जाणारी नणंद आणि मी. मी शहरातल्या एका शाळेत गणित-विज्ञान शिकवत होते आणि एम.फिल.च्या प्रबंधासाठी वर्षभराची बिनपगारी रजा घेतली होती; सर माझे मार्गदर्शक. “मेअखेर प्रबंध दिला नाही, तर हा नाद कायमचा सोडीन,” असं घरात जाहीरही करून बसले होते. असा शब्द कोणी मागितला नव्हता. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्या नुसतं “बरं” म्हणाल्या. त्या ‘बरं’ची मला पुढे वर्षभर धास्ती वाटत राहिली.

विषय होता दीर्घिकांच्या गुच्छांचा. आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका; अशा शेकडो दीर्घिका एकमेकींच्या ओढीने एकत्र राहतात, तो गुच्छ. त्यांच्या मधल्या जागेत अतिशय विरळ वायू असतो आणि तो कोट्यवधी अंश तापलेला असतो. गुच्छ जितका जड, तितकी त्याची ओढ जबर. त्या ओढीत वायूचे कण तितक्या जोरात धावतात, आणि कणांचं धावणं म्हणजेच तापमान. सिद्धांताचा हिशेब असा, की तापमान चौपट तर वस्तुमान आठपट. दोन्हींचे लॉग काढून आलेखावर मांडले की तिरकी रेघ यावी आणि तिचा चढ दीड यावा. परदेशी नियतकालिकांत छापून आलेले नऊ गुच्छांचे आकडे घ्यायचे आणि दीड येतो का ते बघायचं, एवढंच माझं काम.

माझा चढ आला शून्य पूर्णांक सहासष्ट शतांश.

म्हणजे चौपट तापमानाला जेमतेम अडीच पट वस्तुमान. सरांकडून आलेख तो शेरा घेऊन परत आला, आणि मी अंकांच्या मागे लागले. सकाळच्या बसने शहरात जायचं, विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून मूळ आकडे पुन्हा उतरवायचे, परत यायचं, लॉग काढायचे, बिंदू द्यायचे. सहासष्ट. लॉगची नवी पुस्तिका आणली; तिच्यातही जुनेच आकडे निघाले. एकदा तर मोजताना गुच्छ दहा भरले. दहावा म्हणजे केंद्राच्या चिमणीतून उडून आलेला राखेचा कण होता. मी त्याचंही वस्तुमान शोधत होते! सहासष्ट, अडुसष्ट, पुन्हा सहासष्ट. पोळी करपली तरी मला तिच्यावर सहासष्ट दिसायचं. हे म्हणायचे, “सरांना विचार ना एकदा.” विचारेन कशी? सरांनी सांगितलं होतं ना, अंक तपासा म्हणून. तेवढंही जमत नाही असं कोणत्या तोंडाने सांगू?

एप्रिलमध्ये माझ्या अंगात अक्कल संचारली. अंक इतक्यांदा तपासूनही तेच येतात, म्हणजे सिद्धांतच चुकीचा! झालं. बावीस पानांचं प्रकरण लिहिलं. त्यात मी गुरुत्वाकर्षणाला चांगलं फैलावर घेतलं होतं.

मेअखेरीला चार दिवस उरले असताना नणंद माझ्या रद्दीतला एक आलेख घेऊन खिडकीशी उभी राहिली. तिला उशीच्या अभ्र्यावर मोर भरायचा होता. आलेखाच्या कोऱ्या पाठीवर ती तो मोर छापून घेत होती. खाली मोराचं चित्र, वर माझा कागद, मागे काच. कागद तिने उलटा आणि आडवा धरला होता.

“वहिनी, हे तुमची रेघ मोराच्या मानेतून जाऊन राहिली. मले खोडता येत नाही.”

“रद्दी आहे ती. छाप तू.”

“पण हे काहून एवढी उभी दिसून राहिली? त्या दिवशी तर कशी लोळल्यासारखी होती.”

मी पाहिलं. मागून, आडवी, उन्हात माझी रेघ ऐटीत उभी होती. एक खण पुढे, दीड खण वर.

तापमान आडव्या अक्षावर घ्यायचं होतं. मी ते उभ्यावर घेतलं होतं. आणि अक्षांवर नावं लिहायची तसदीही घेतली नव्हती. नागपूरची बाई मी! मे महिन्यात आमच्याकडे पारा चढतो. चढणारी गोष्ट आडवी ठेवायची असते, हे मला सुचणार कसं? दोन तृतीयांश उलटवले की दीड होतात, हे मी शाळेत पाचवीच्या पोरींना शिकवत होते.

धावत जाऊन सरांचा शेरा काढला. अक्ष. स्वच्छ अक्ष. दुपारच्या बसने सरांकडे गेले. ते ऐकून म्हणाले, “अंक मी विचारलेच कुठे होते, बाई?” प्रकरणाची बावीस पानं त्यांनी हातात तोलली आणि न वाचता परत दिली. टायपिस्टने सांगितलं, आठ दिवस लागतील, शिवाय चिन्हं हाताने भरावी लागतील. मी रडकुंडीला आले, त्याच्यावर खेकसले, नवं प्रकरण तीन दिवसांत लिहूनही काढलं. तारीख गेलीच. रजाही संपली.

पहिल्या तारखेला सकाळी गच्चीवरच्या खाटेवर सगळे कागद पसरून मी मधेच बसले होते. सासूबाई पापडांची परात घेऊन वर आल्या. मी म्हटलं, “आई, मी शब्द दिला होता. आता हे सगळं बंद.”

त्यांनी परात कमरेवर घेतली आणि म्हणाल्या, “शब्द तू देला होता, मी घेतला कुठं होता वं? परबंध देजो पुढच्या साली. आता थे कागद उचल खाटेवरून, मले पापड वाळू घालाचे हायेत.”