मालन शेलार यांच्या खुर्चीचं समर्थन

सदर कर्मचारी श्रीमती मालन पोपट शेलार, वय वर्षे बावन्न, राहणार कोपर, डोंबिवली पश्चिम. पदनाम : कार्यालयीन सहायक. कामाचे स्वरूप : संकीर्ण. वर्तणूक : समाधानकारक. पदाची आवश्यकता : तपासाधीन.

यातलं शेवटचं वाक्य नवं होतं. एमआयडीसीतली ही छपाईच्या शाईची कंपनी थोरल्या साहेबांनी मुलाच्या, देवेशच्या, हाती दिली आणि देवेशने लगेच फर्मान काढलं : प्रत्येकाने सर्वांसमोर उभं राहून आपली खुर्ची कंपनीला का हवी ते पटवून द्यावं. पटलं नाही तर खुर्ची जाईल. देवेशची खुर्ची वडिलांनी दिलेली असल्यामुळे ती या तपासाबाहेर होती.

नोकरी मागताना माणूस हात जोडतो, ते समजण्यासारखं आहे. पण केस पिकेपर्यंत काम केल्यावर, समोसे खात बसलेल्या सहकाऱ्यांपुढे पुन्हा हात जोडायला लावायचे, याला हल्ली पारदर्शकता म्हणतात. किळस हा आपला जुना शब्द काही वाईट नव्हता.

मालनचं संकीर्ण काम म्हणजे मुख्यतः फोन. रंग चुकला, डबे गळले, माल पोचला नाही, की भडकलेल्या गिऱ्हाइकाच्या शिव्या आधी तिच्या कानात पडत. "हो दादा, बरोबर आहे तुमचं. पाणी प्या, मग बोलू," असं करत ती त्याला निववायची आणि निवलेला माणूस विक्री विभागातल्या केतनकडे जोडून द्यायची. केतनला वाटायचं, आपली गिऱ्हाइकं स्वभावानेच सालस आहेत.

घरी पोपटराव कंबर धरून बसलेले. मुलीचं, अक्षदाचं, नर्सिंगचं दुसरं वर्ष. चूल मालनच्या पगारावर. त्यामुळे सभेच्या आदल्या संध्याकाळी अक्षदाने आईची तालीम घेतली.

"आई, 'मी' म्हण. 'आम्ही सगळे' नाही. मी करते, मी सांभाळते."

"अगं, आपणच आपली आरती ओवाळायची? लोक काय म्हणतील?"

"लोक फी भरणारेत का माझी?"

"बरं बाई, म्हणते मी," मालन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी केतन तिच्या आधी उभा राहिला. "कस्टमर कम्प्लेंट्स मी हॅण्डल करतो, सर. एकही कस्टमर माझ्याशी आजवर आवाज चढवून बोललेला नाही." हे अक्षरशः खरं होतं. टाळ्या पडल्या. त्यात मालनच्याही होत्या; समोरच्याचं झालं की टाळ्या वाजवायच्या, हे वळण.

"मालनताई, तुम्ही नक्की काय करता?" देवेशने विचारलं.

मालन उठली. पदर सारखा केला. "विशेष असं काही नाही, सर. पडेल ते करते. सगळे सांभाळून घेतात."

आपल्याकडे हे वाक्य पन्नास माणसांच्या पंगती उठवून, भांडी आवरून, मग पदराला हात पुसत म्हणायचं असतं. ऐकणाऱ्याने "छे हो, तुम्ही होतात म्हणून झालं" असं म्हणायचं असतं. देवेश डोंबिवलीतच वाढला. त्याची आई दर गणपतीत हेच म्हणत आली असणार. त्याने ते लॅपटॉपवर जसंच्या तसं टाइप केलं.

केतन समोशाची चटणी शोधत होता. छे हो म्हणायला कोणीच उरलं नव्हतं.

यथावकाश पत्र आलं. 'आपल्या निवेदनावरून पदाची आवश्यकता सिद्ध होत नसल्याने सदर पद रद्द करण्यात येत आहे. कंपनीच्या परंपरेनुसार आपणास सन्मानपूर्वक निरोप देण्यात येईल.' अक्षदाने ते वाचलं आणि घडी करून फीच्या पावत्यांत ठेवलं.

शेवटच्या दिवशी सगळे जमले. देवेश मालनताईंच्या अमूल्य योगदानावर बोलला आणि बोलणं संपवून शालीसाठी हात मागे केला. केतनने शेजारच्याकडे पाहिलं, शेजारच्याने दाराकडे.

शाल आणलेली नव्हती. निरोप कोणाचाही असो, ती आजवर मालन आणायची.