दाराआडून ओळखलेले गुरुजी

सडा टाकून झाला होता, चूल पेटली होती आणि मी ओसरीत बसून मेथीच्या जुड्या बांधत होते. लग्न होऊन आठच दिवस झाले होते. बाजाराचा दिवस असल्यामुळे आमच्या घरच्यांनी अंधारातच मळ्यातून मेथी आणून टाकली होती. माझे हात मातीने भरलेले, पदर खांद्यावर पडलेला. इतक्यात अंगणाच्या तोंडाशी कोणीतरी खाकरले. आतून जाऊबाई ओरडल्या, "अवो, ऊठ ना! भासरे आले तुहे!"

मी हातातली जुडी टाकून दाराआड पळाले. फटीतून दिसली ती धोतराची किनार आणि वहाणा. माझा सडा अजून ओला होता. तो तुडवला जाऊ नये म्हणून त्या वहाणा भिंतीच्या कडेकडेने चालत होत्या.

हरिभाऊ गुरुजींची आणि माझी पहिली ओळख ती एवढीच. गुरुजी माझे थोरले दीर. आमच्याकडे थोरल्या दिराला भासरे म्हणतात. धाकट्याच्या बायकोने त्यांच्यासमोर जायचे नाही, त्यांच्याशी बोलायचे नाही आणि त्यांनीही तिच्याशी बोलायचे नाही, अशी रीत होती. घरात येताना ते खाकरत आणि मी आड होई. काही सांगायचे असले तर ते आमच्या घरच्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगत आणि हे मला सांगत. एकाच घरात आम्ही चौदा वर्षे अशी काढली. जाऊबाई हसत, "साऱ्या डोणगावाच्या लेकरायले बोलतं केलं यायनं, अन् घरात आले की खाकरतात."

विद्यार्थ्यांनी गुरुजींच्या साठीनिमित्त हा ग्रंथ काढायचे ठरवले, तेव्हा घरच्या कोणी लिहावे म्हणून ते आमच्याकडे आले. जाऊबाई म्हणाल्या, "मले नका इचारू. मी तं चार तक्रारीच सांगीन. हिले सांगा, हिले लिहिता येते." म्हणून मी लिहीत आहे. शाळेत मी कधी गेले नाही. संध्याकाळी गुरुजी ओसरीत मुलांना शिकवत आणि आत मी डाळ निवडत असे. अक्षर कानावर पडे, ते मी नंतर गुळाच्या, चहापत्तीच्या पुडीच्या कागदावर शोधत असे. असे करत दोन-तीन वर्षांत वाचता आणि गिरवत गिरवत लिहिताही येऊ लागले. हे मी कोणाला सांगितले नव्हते. सांगून करायचे काय, असे वाटे.

गुरुजींच्या शाळेविषयी इतर जण लिहितील. कापूस वेचणीच्या दिवसांत मुली शाळेत येत नसत, तेव्हा गुरुजी पाटी घेऊन शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन बसत, एवढे मी स्वतः पाहिले आहे. मला लिहायचे आहे ते आमच्या घरच्यांच्या दुखण्यात गुरुजी कसे वागले त्याविषयी. नवऱ्याचे नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. पण छापील पुस्तकात नुसते "हे" म्हटले तर कळणार नाही, म्हणून एकदा लिहिते. त्यांचे नाव नारायण.

यांना भजनाचा नाद. रोज सकाळी मळ्यात जाण्याआधी पोथीचा एक अध्याय मोठ्याने वाचायचा, हा त्यांचा नेम. आवाज असा की शेजारच्या बाया चूल फुंकायच्या थांबत. तंबाखूही तशीच, दिवसभर. एका पावसाळ्यात आवाज बसला तो उठलाच नाही. मेहकरच्या डॉक्टरांनी दोन महिने औषध दिले, मग म्हणाले, नागपूरला जा. गुरुजींनी रजा टाकली. आमची दोन्ही मुले जाऊबाईंनी आपल्या पोरांत घेतली आणि आम्ही तिघे निघालो. नागपूरला कळले की घशाचा कॅन्सर आहे. मशीनवर किरणांचा शेक द्यावा लागेल, सात आठवडे.

धर्मशाळेत एक खोली मिळाली. यांनी आणि मी आत राहायचे, गुरुजींनी बाहेर व्हरांड्यात. रोज पहाटे उठायचे, पाणी भरायचे, रांगेत उभे राहायचे, नंबर लागेपर्यंत बाकावर बसायचे, परत यायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेकाने यांचे तोंड कोरडे पडले, चव गेली, गिळता येईना. मी सोमवार धरले, शनिवार धरले, देवापुढे काय काय बोलले ते आता आठवतही नाही. थकवा मात्र आठवतो. उभ्या उभ्या डोळा लागे.

डॉक्टरांनी यांना बोलायची मनाई केली होती, म्हणून गुरुजींनी एक पाटी आणली. एकदा माझे अंग तापले होते, तेव्हा गुरुजींनी स्टोव्हवर भाताची पेज केली. जन्मात त्यांनी चूल पेटवली नव्हती. भांडे उंबऱ्याच्या आत सरकवून ते भिंतीकडे तोंड करून बसले. यांनी एक घोट घेतला, पाटी ओढली आणि लिहिले, "दादा, ही शाळेत ने. पुस्तकं चिकटवाले होईन."

मी फिसकन हसले. आणि लगेच तोंडावर पदर घेतला. पाटी अजून कोणी वाचून दाखवली नव्हती.

हे माझ्याकडे पाहत राहिले. मग यांनी पाटी उंबऱ्याबाहेर सरकवली आणि मला वाचता येते हे गुरुजींनाही कळले.  दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाणी भरून आले तर सोबत आणलेली पोथी उघडून माझ्या बसायच्या जागेवर ठेवलेली होती. आवाज गेल्यापासून यांचा नेम मोडला होता. मी अंघोळ करून वाचायला बसले. जोडाक्षरे यायची तिथे मी अडखळत होते. चुकले की व्हरांड्यातून खाकरणे ऐकू येई. मी ती ओळ पुन्हा वाचत असे. बरोबर आली की खाकरणे नाही. हे डोळे मिटून ऐकत. असा आमचा अभ्यास सुरू झाला.

आता माझ्या चुकीविषयी लिहिते. ती लिहिल्याशिवाय गुरुजी कसे आहेत ते सांगता येणार नाही.

शेक कुठे द्यायचा ते कळावे म्हणून डॉक्टर यांच्या मानेवर जांभळ्या शाईने खुणा काढत. आधीच्या खुणा बारीक ठिपक्यांच्या होत्या, त्या माझ्या नजरेत आल्याच नव्हत्या; चौथ्या आठवड्यात त्यांनी खुणा बदलून मोठ्या रेघा आखल्या. मी तेव्हा औषधाच्या रांगेत होते. या खुणांना पाणी लावू नका, तेल नको, काहीच नको, असे त्यांनी गुरुजींना बजावले. गुरुजी खोलीवर आले आणि रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "नारायणा, घरात सांगून दे, मानेले पाणी लावाचं नाही." मी दाराआड आहे असे त्यांना वाटले. मी खाली नळावर होते. यांना वाटले, मी ऐकले.

त्याच दिवशी गावाकडून एक जण आला. जाऊबाईंनी ज्वारीचे पीठ, लिंबाचे लोणचे आणि लोणारच्या कमळजादेवीचा अंगारा पाठवला होता. अंगारा तेलात कालवून गळ्याला लाव, देवी पाहून घेईल, असा निरोप होता. मी पाहिले तर मान जांभळी झालेली. वाटले, मशीनचा डाग लागला, देवीचा अंगारा अशा अंगाला कसा लावावा. मी कोमट पाण्यात फडके भिजवले, साबण लावला आणि मान चोळून स्वच्छ केली. हे हाताने खुणावत होते, पाटीकडे बोट करत होते. मला वाटले, झोंबते आहे. मी म्हटले, "थांबा ना, झालंच." आणि अंगारा लावला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर भडकले. "कोणी पुसलं हे? तुम्हाला काही कळतं का?" मी पदराआड उभी होते. गुरुजी पुढे झाले आणि म्हणाले, "मी पुसलं, साहेब." डॉक्टर त्यांना म्हणाले, "शिकलेले दिसता, आणि असं करता?" गुरुजी मान खाली घालून उभे राहिले. पन्नाशीचा माणूस, ज्याच्यासमोर गावातले पाटीलसुद्धा हळू बोलत, तो पोरासारखा बोलणी खात होता. खुणा आखणारे मोठे डॉक्टर परगावी गेले होते. ते येईपर्यंत सहा दिवस शेक बंद राहिला.

त्या सहा दिवसांनी काय बिघडले, काही बिघडले की नाही, हे मला कोणी सांगितले नाही. मी विचारलेही नाही. अजूनही सकाळी सडा टाकताना ते सहा दिवस मनात येतात.

डॉक्टर भडकले त्याच दिवशी यांना आत तपासायला नेले होते. मी बाकाच्या टोकाला तोंड फिरवून बसले होते. गुरुजी आले. खाकरले नाहीत. समोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, इकडं पाह्य माह्याकडं."

मी पाहिले. चौदा वर्षांत मी त्यांचा चेहरा समोरून पाहिला नव्हता. डोळे अगदी आमच्या घरच्यांसारखे होते.

मी म्हटले, "चूक माही हाय. तुमी काऊन ऐकून घेतलं?" त्यांच्याशी बोललेले माझे ते पहिले शब्द.

"तुही नाही," गुरुजी म्हणाले. "मी भितीले सांगतलं. भितीनं काय करावं? आता आयक, मी तुले सारं सांगतो." आणि वर्गात सांगावे तसे त्यांनी सगळे समजावले. खुणा कशाला असतात, शेकाचे किती दिवस राहिले, कातडी सोलली तर काय करायचे, काय नाही. मग विचारले, "समजलं?" मी म्हटले, "हाव." "म्हणून दाखव." मी म्हणून दाखवले. त्या बाकावर मला रडू आले, ते दुखण्याचे होते की कोणी समोर बसून शिकवल्याचे, मला सांगता येत नाही. पुढचे चार आठवडे आम्ही सरळ बोलत होतो. पोथीत अडले तर ते दारात बसून शब्द सांगत. हे पाटीवर लिहीत, "आता माहं काय काम?"

शेक पुरा झाला. डोणगावला एस.टी.तून उतरलो तेव्हा माणसे जमली होती. आम्ही घराशी आलो आणि गुरुजी अंगणाच्या तोंडाशी थांबून खाकरले. मीही पदर ओढून आत गेले. गावात राहायचे तर रीत सोडता येत नाही, हे मला कळत होते. तरी वाईट वाटले. सकाळचे वाचन चालू राहिले. मी आत, ते ओसरीत. चुकले की खाकरणे. हे पुढे दीड वर्ष जगले. त्यातले आठ महिने बरे गेले, मळ्यातही जात. मग गाठ पुन्हा आली. जाऊबाईंनी त्या दिवसांत मला चुलीपाशी येऊ दिले नाही. म्हणत, "तू त्यायच्यापाशी बस. भाकरी मी थापतो. तोंड चालते तसे हातही चालतात माहे."

संपादकांनी सांगितले आहे की लेखाच्या शेवटी शुभेच्छा लिहाव्यात. त्या मी इथेच लिहून टाकते, कारण शेवटी मला दुसरे एक सांगायचे आहे. गुरुजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत आहे. तो नीट निघो. त्यांचे कान आहेत तसे तिखट राहोत. त्यांच्या घशाला कधी काही न होवो. त्यांना भरपूर आयुष्य मिळो आणि ते हिंडतेफिरते जावो. जाऊबाईंची बोलणी खायला ते अजून पुष्कळ वर्षे समोर असोत. रोज सकाळी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते, तेही चालू राहो. आम्ही समोरासमोर बसतो. असे कधीपासून बसतो, ते सांगते आणि थांबते.

हे गेले तेव्हा पोथीचे दोन अध्याय राहिले होते. आदल्या दिवशी यांनी पाटीवर लिहिले होते, "पोथी पुरी कर." त्यानंतर पाटी हातात धरता आली नाही. पुरुष मंडळी सारे आटोपून परत आली. अंगण माणसांनी भरले होते. आत बायका मला धरून बसल्या होत्या. सुतकात पोथीला हात लावत नाहीत, म्हणून जाऊबाईंनी ती फडक्यात बांधून वर फळीवर ठेवली होती.

गुरुजी अंघोळ करून आले. बायका पदर सावरू लागल्या, मीही उठू लागले. पण ते खाकरले नाहीत. सरळ दारात आले आणि सगळ्या गावादेखत मला म्हणाले, "बाई, किती अध्याय राह्यले?"

 मी म्हटले, "दोन."

"उद्या सकाळी वाच. मी आयकतो."

जाऊबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, सुतकात?"

"त्यानं मागतलं हाय," गुरुजी म्हणाले. "सुतक फिटेपर्यंत त्याले थांबवू काय?"

 मग जाऊबाईंनीच हात वर करून पोथी काढली.

दुसऱ्या दिवशी मी सडा टाकला नाही, चूल पेटवली नाही. अंघोळ केली, ओसरीत गुरुजींच्या समोर बसले आणि पोथी उघडली. एका शब्दाला अडले. गुरुजींनी तो सांगितला. मी दोन्ही अध्याय वाचले.