नदी चोरणाऱ्याले फुकटची माफी

मंडळी, आज डोकं फिरलं म्हणून लिहून राह्यलो.

रोज दिवस मावळायच्या आत जेवण उरकून मी अन् बाबा एक कार्टून सिरीज पाहत होतो. एका पोरीच्या गावची नदी चोरीले जाते अन् ती चोराच्या मागं निघते. काय चित्रं, काय पाणी काढलं होतं! मंगरूळपीरच्या आमच्या दुकानात बाबा गिऱ्हाइकाले थांबवून गोष्ट सांगायचे.

आज सीझनचा शेवटचा भाग. चोर सापडला. रडून "चुकलं" म्हणाला, पोरीनं त्याले मिठी मारली, गाणं लागलं, खतम. नदी परत आली का, हे दाखवलंच नाही!

मी भडकलो, "सगळ्या सीझनचा सत्यानाश केला ना, बाबा!"

बाबा टीव्हीकडंच पाहत होते. म्हणाले, "तुह्या काकाचं बी असंच हाय."

बाबा गावाले गेले असताना काकानं आमच्या दुकानात मधोमध भिंत घातली. तवापासून दोघा भावांचं बोलणं बंद. पर्युषण संपलं की आमच्या जैनांत सगळे एकमेकांची क्षमा मागतात. काकाची मोबाईलवर येते. जोडलेल्या हातांचं चित्र, सगळ्या ग्रुपवर तेच.

"मी बी दरवर्षी त्याले हात जोडलेलं चित्र पाठवतो," बाबा म्हणाले. "भिंत तशीच हाय."

मले सांगा, असा शेवट लिहिणाऱ्याच्या घरात कोणी भिंत घातलीच नसंल का?