पपांची न छापलेली ओळ

फोन आला तेव्हा पेपर टेबलावर माझ्याकडे तोंड करून उघडा होता आणि समोरची खुर्ची रिकामी होती. स्टुटगार्टच्या चढावरच्या या घरात वीस वर्षं आमचा एकच पेपर येतो. तो मी सुलटा वाचायची आणि समोर बसून पपा तोच उलटा वाचायचे, तेही माझ्यापेक्षा भराभर. मी अर्ध्या बातमीत असताना पलीकडून प्रश्न यायचा, "कोणी पाहिलं?" गाव जाळलं म्हणतात... कोणी पाहिलं? शस्त्रं लपवली म्हणतात... कोणी पाहिलं? मी वैतागायची, "पपा, मला आधी वाचू तर द्या!" त्या सकाळी माझा नवरा योखेन हॉस्पिटलातून एवढंच म्हणाला, "सुधा, पपा गेले." मी पेपरची घडी घातली, उघडली, परत घातली. वाचलं काहीच नाही. आज त्याला पाच आठवडे झाले.

पपा म्हणजे माझे सासरे, एर्विन. जर्मन सासऱ्यांबद्दल मराठी पुरवणीत काय लिहायचं, असं मलाही आधी वाटलं होतं. लग्न होऊन इथे आले ती पहिली दिवाळी. आईनं बजावलेलं म्हणून मी त्यांना वाकून नमस्कार केला. माझं काहीतरी खाली पडलं असं समजून तेही वाकले आणि आमची डोकी चांगलीच आपटली. पण आमचं खरं जुळलं ते तळघरात. पपा आयुष्यभर छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे. छापखान्यांत कॉम्प्युटर आले तेव्हा भंगारात निघालेली एक केस, म्हणजे खिळ्यांचा खणाखणांचा लाकडी ट्रे, एक स्टिक आणि हातानं दाब द्यायचं प्रूफचं लहानसं यंत्र त्यांनी घरी आणून ठेवलं होतं. स्टिक म्हणजे हातात धरून जिच्यात एकेक खिळा लावत ओळ तयार करायची ती लोखंडी पट्टी. त्यातली ओळ आरशात दिसावी तशी उलटी असते. ती मी घडाघडा वाचली आणि पपा बघतच राहिले. माझ्या मामाचा सांगलीत छापखाना होता. मे महिन्याच्या सुट्ट्या मी लग्नपत्रिकांचे खिळे लावण्यात घालवलेल्या, तिथे इंग्रजी मजकूरही असायचा. जर्मन मला धड बोलता येत नव्हतं, पण उलटं वाचता येत होतं! त्या दिवसापासून मी त्यांची 'झूडा' झाले. सुधा त्यांना शेवटपर्यंत म्हणता आलं नाही.

त्यांचं गाव पार पूर्वेला, पोलंडच्या सीमेला लागून. लढाई हरल्यावर तिथल्या जर्मनांना निघावं लागलं. एक हातगाडी, दोन बहिणी आणि आई, एवढं विंचवाचं बिऱ्हाड घेऊन पपा इकडे दक्षिणेत आले. हे ते सांगायचे. त्याच्या आधीचं मात्र कधीच नाही. एकोणचाळीस साली, महायुद्ध पेटलं तेव्हा तुम्ही कुठे होतात, असं विचारलं की "तेव्हा मी शिकाऊ होतो" म्हणायचे आणि तोंडाला कुलूप. योखेनही लहानपणी विचारून दमलेला. मला वाटायचं, म्हातारा माणूस आहे, असेल काही दुःख... कशाला खपली काढा.

इराकवर हल्ला व्हायच्या आधीचे ते आठवडे आठवतात. टीव्हीवर रोज नकाशे, ट्रकची चित्रं, या ट्रकमध्ये अमुक बनवतात, त्या शेडमध्ये तमुक दडवलंय. मी म्हणाले, "पपा, इतकी चित्रं दाखवतायत, काहीतरी असणारच की." ते म्हणाले, "चित्र काढणाऱ्यानं पाहिलं का?" मला राग आला. एवढे मोठे देश काय उगाच बोलतील? पुढे काही सापडलं नाही, हे सगळ्यांना माहीतच आहे. पण तेव्हाही पपांच्या चेहऱ्यावर 'बघ, मी म्हणालो होतो' असं काही नव्हतं. ते घाबरलेले दिसायचे. बातम्या लागल्या की हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत बसायचे, खिळा उचलल्यासारखं.

त्यानंतर दोन वर्षांनी, दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, पपांचा त्र्याऐंशीवा वाढदिवस होता. बेल वाजली. दारात दोन तरुण, शर्टाला इस्त्री, हातात फळांची टोपली. पूर्वेकडून आलेल्या जुन्या मंडळींना भेटतो आम्ही, म्हणाले. मी त्यांना आत घेतलं. घरात आलेल्या माणसाला कोरडं पाठवायचं नाही, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं. कॉफी केली, चिवडा वाढला, करंज्या ठेवल्या. त्यांनी खाल्ल्या, छान आहेत म्हणाले. चष्मेवाल्यानं तर दुसरी मागून घेतली. ट्रे उचलायला मला मदतसुद्धा केली! मग स्वयंपाकघरात, ट्रेवर त्यांनी ठेवलेलं पत्रक मी सहज उलटलं. पुढच्या बाजूला लिहिलेलं, एकोणचाळीसची लढाई आपण सुरू केलीच नाही, पलीकडचे पोलिश आपल्या लोकांना जाळत होते म्हणून सैन्य गेलं. मागच्या बाजूला लिहिलेलं, परक्यांनी आपापल्या देशी परत जावं. माझ्या हातच्या करंज्या खात ते दोघं बाहेरच्या खोलीत माझ्या सासऱ्यांना विनवत होते, तुम्ही तिथले, तुम्ही पाहिलंय, आमच्या सभेत येऊन सांगा. आणि पपा... पपा म्हणाले, "बघू."

बघू? मला वाटलं होतं, हाताला धरून बाहेर काढतील त्यांना. जाताना चष्मेवाला माझ्याशी अगदी हसून बोलला, "तुमची मुलगी शाळेतून येताना एस-बान लोकल बदलते ना? पाहिलंय आम्ही तिला. गोड मुलगी आहे." आमची मीरा तेव्हा पंधरा वर्षांची, रंगानं माझ्यावर गेलेली. पुढचे दहा दिवस मी रोज तिला स्टेशनवर घ्यायला गेले. ती जर्मनमध्ये करवादायची, "आई, मी काय बालवाडीत आहे?" योखेन म्हणाला पोलिसांना कळवू. पण कळवायचं काय? हसून बोलला म्हणून? पपा कुणालाच ताकास तूर लागू देत नव्हते. माझा जीव टांगणीला. मनात एकच प्रश्न कुरतडत होता, हा माणूस त्यांच्यातला तर नाही? इतकी वर्षं ज्याच्यासमोर पेपर वाचला, त्याला मी ओळखते का?

अकराव्या दिवशी नवं पत्रक आमच्या आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या पत्रपेट्यांत पडलं. त्यावर पपांचं नाव होतं, आडनावासकट. प्रत्यक्ष साक्षीदार सांगतात, असं म्हणून खाली पपांनी कधीच न उच्चारलेलं वाक्य. पपांनी ते वाचलं, उठले आणि तळघराच्या पायऱ्या उतरायला लागले. गुडघे धरून, एकेक पायरी. मी मागोमाग गेले.

"झूडा, बारीक खिळे आता मला दिसत नाहीत," ते म्हणाले. "मी सांगतो, तू लाव." आणि सांगायला लागले. एकोणचाळीसचा ऑगस्ट संपत आलेला. सोळा वर्षांचे पपा गावातल्या पेपरच्या छापखान्यात शिकाऊ. रविवारी सायकल मारत ते सीमेजवळ राहणाऱ्या आत्याच्या शेतावर गेले, प्लमचा केक खाल्ला, संध्याकाळी परत. मंगळवारी सरकारकडून छापायला मजकूर आला. शनिवारी रात्री पलीकडच्या टोळ्यांनी जाळलेल्या शेतघरांची यादी. त्यात आत्याचं घर होतं. "ज्या घरात मी रविवारी केक खाल्ला, ते शनिवारीच जळलं होतं," पपा म्हणाले. त्यांनी फोरमनकडे पाहिलं. फोरमन हळूच म्हणाला, पोरा, हात चालव. आणि पपांनी हात चालवला. आत्याचं नाव, गावाचं नाव, जळालं. सगळं स्वतःच्या बोटांनी. त्याच आठवड्यात सैन्य सीमा ओलांडून गेलं, आपल्या लोकांना वाचवायला म्हणून. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

"त्या दोघांना तुम्ही हाकललं का नाहीत?" मी विचारलं. पपा केसमधल्या खिळ्यांवरून हात फिरवत म्हणाले, "भीती वाटली. तेव्हा वाटली होती तशीच. मला वाटायचं, म्हातारपणी ती जाते." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. सुनेनं सासऱ्यांना मिठी कशी मारायची, ते मला आजही माहीत नाही. मी स्टिक हातात घेतली.

नऊ ओळी झाल्या. पपा सांगत होते, मी लावत होते. सांगलीतल्या सुट्ट्या बोटांना बरोबर आठवत होत्या. शेवटची, दहावी ओळ त्यांनी सांगितली ती अशी: हे मी पाहिलं आणि तरीही छापलं. एर्विन. मग आडनाव, गल्ली, घर नंबर सतरा. माझा हात थांबला. सतरा नंबरच्या दारातून मीरा रोज सकाळी एकटी बाहेर पडते. मी म्हणाले, "पपा, नाव नको." ते म्हणाले, "नावाशिवाय मजकूर म्हणजे त्यांचाच मजकूर. कोणी पाहिलं, ते नको का सांगायला?" मी म्हणाले, "मीरा..." पपा केसच्या कडेला टेकले. दम लागला म्हणून वर जाऊन पडले. आणि मी ती ओळ लावलीच नाही. नऊ ओळींवर शाई फिरवली, सत्तर कागद काढले आणि वर जाऊन सांगितलं, "पपा, e संपले." जर्मनमध्ये e फार लागतो, खोटं पटण्यासारखं होतं. पपांनी कागद डोळ्यांजवळ धरला, खालच्या मोकळ्या जागेवरून अंगठा फिरवला. "गेनाऊ," म्हणाले. बरोबर. "e नेहमीच आधी संपतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी ते गल्लीत वाटले. मी छत्री धरलेली, पपा पत्रपेट्यांची झाकणं उचलत होते. पंधरा दिवस आमच्या फोनवर कुणीतरी नुसतं श्वास घ्यायचं. ज्यांच्यापासून नाव लपवलं, त्यांना ते माहीत होतंच की! मग फोन थांबले. मीराला कुणी काही केलं नाही, देवाची कृपा. मी मनाशी म्हणत राहिले, बघ, तू केलंस ते बरं केलंस. पपांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पेपर पूर्वीसारखाच येत राहिला, आणि समोरून प्रश्नही.

अंत्यविधीनंतर एक म्हातारी बाई माझ्याजवळ आली. आमच्याच गल्लीतली, चढाच्या वरच्या टोकाची. येताजाता मान हलवण्यापुरती ओळख. तिनं पर्समधून चौघडी केलेला कागद काढला. आमचा कागद. म्हणाली, "आत्ता भाषणात तुमच्या यजमानांनी सांगितलं, वडील लहानपणी तिथे छापखान्यात होते... हे त्यांनीच लिहिलेलं का?" मी मान हलवली. तिचे वडील त्याच भागातले. ती बातमी वाचून आपण आनंदानं सैन्यात गेलो, असं ते मरेपर्यंत सांगत आणि ती बातमी खरी होती म्हणून घरात भांडत. "मला लिहिणाऱ्याला फक्त विचारायचं होतं, हे खरं का," ती म्हणाली. "तीन वर्षं शोधलं मी. खाली नाव नव्हतं. आणि एर्विनचं नाव तर त्या दुसऱ्या पत्रकावर होतं, म्हणून मी त्याच्याशी बोलणंच सोडलं." मला तिथेच जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. खोट्या कागदाखाली माझ्या पपांचं नाव, आणि त्यांच्या खऱ्या कागदाखाली कुणाचंच नाही. हे मी केलं. त्या दोघांनी नाही, मी.

गेल्या आठवड्यात तळघर आवरायला उतरले. केस स्वच्छ पुसलेली होती. काम झालं की ओळी मोडून प्रत्येक खिळा आपल्या घरात परत टाकायचा, हा पपांचा नियम. लावलेली ओळ तशीच सोडणारा जुळारी आळशी, म्हणायचे. आमच्या नऊ ओळी त्यांनी केव्हाच मोडून टाकल्या होत्या. पण स्टिक फडक्यात गुंडाळून ठेवलेली आणि जड लागली म्हणून उघडली, तर आत एक ओळ उभी होती. वाकडीतिकडी, दोन खिळे उलटे, अंधुक डोळ्यांनी चाचपून लावलेली. मी ती उलटीच वाचली. हे मी पाहिलं आणि तरीही छापलं. एर्विन, आडनाव, गल्ली, सतरा. मी e मोजले... अकरा होते. केसमध्ये अजून मूठभर शिल्लक. स्टिकखाली उरलेले आमचे नऊ कागद, खालची जागा मोकळी ठेवलेले.

त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मला एका शब्दानं न बोलता ते तीन वर्षं समोर बसून पेपर वाचत राहिले. हात चालव म्हटल्यावर चालवणारा माणूस, हात थांबवणाऱ्या सुनेला काय बोलणार होता?

मी शाई काढली. वाळून घट्ट झाली होती, तेल घालून मऊ केली. उलटे दोन खिळे तसेच ठेवले. त्याच नऊ कागदांच्या मोकळ्या जागेत ती ओळ छापली, नऊही कागदांखाली नाव आलं. पहिला चढावरच्या म्हातारीला हातात नेऊन दिला. आठ या टेबलावर आहेत, पेपरच्या शेजारी, समोरच्या खुर्चीकडे तोंड करून.