सदतीस हजार फूट

१८ एप्रिल. कुरडया घालायच्या होत्या. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक पहाटे शिजवला आणि दहापर्यंत गच्चीवर चार साड्या भरल्या.

बाराला लेकीचा फोन आला. ती विमानात सहवैमानिक, सहा महिने झालेत, नोकरी अजून पक्की नाही. मुंबईहून पूर्वेला जाणारं तिचं विमान आमच्या कडा गावावरूनच जातं.

"आई, साडेतीनला वर बघ. पण आज दिसेल का, सांगता येत नाही."

आवाज बरा वाटला नाही. खोदून विचारलं. लांबचा पल्ला, टाक्या भरलेल्या, विमान जड. एवढ्या वजनाला तेहतीस हजार फूट योग्य. इंधन जळून हलकं झालं की मग वर चढायचं. कॅप्टनला मात्र आधीच सदतीस हवे होते. आपल्याकडचे ढग खाली राहतील म्हणत होते.

"मग अडचण काय?"

"हिशेबात बसतं, पण काठावर. वर हवा विरळ. जड विमान जरा हळू झालं तर हवा पेलत नाही, जरा जोरात गेलं तरी धोका. त्यात ढगाच्या माथ्यावर हिसका बसला तर?"

"सांग की मग त्यांना."

"माझा अहवाल तेच लिहिणार हायत. आणि मोठ्यांपुढं तोंड चालवायचं न्हाई, हे कुणी शिकवलं मला?"

मीच शिकवलं होतं. तिनं फोन ठेवला.

तीनला कारखान्याच्या धुराड्यामागे ढग उभा राहिला. बुडाशी काळा, वर फुगत चाललेला. मी साड्या आवरायला लागले तर जिन्यातून सासरे ओरडले, "कशाला गोळा करायलीस? ह्यो न्हाई पडायचा. जल्म गेला माजा आभाळ बघण्यात. वाळू दे."

मी हातातली साडी पुन्हा अंथरली.

साडेतीन झाले, पावणेचार झाले. एरवी पांढरी रेघ ओढत जाणारं विमान आलं नाही. ढगाचा माथा वर जाऊन ऐरणीसारखा पसरला, आत गडगडत होतं. तो माथा सदतीस हजारांच्या खाली की वर, खालून कळत नव्हतं. लागणार नाही हे माहीत असून दोनदा फोन लावला. मग टपोरे थेंब आले आणि चारही साड्यांवर लगदा झाला.

साडेआठला तिचा निरोप आला. 'पोचले. सांगितलं त्यांना. तेहतीसवरच राहिलो, ढगाला लांबून वळसा घातला. पुढे ते माझ्याशी बोलले नाहीत. अहवाल शुक्रवारी.'

"पोचली न्हवं? मग झालं," सासरे म्हणाले. कुरडयांचं नाव काढलं नाही.

१९ एप्रिल. सकाळी साड्यांवरचा लगदा खरवडून म्हशीपुढे टाकला. नवा गहू निवडायला घेतला तसे सासरे म्हणाले, "चार रोज दम धर की. आभाळ बघून सांगतो."

"आभाळ मी बघीन, मामा," मी म्हणाले आणि गहू भिजत घातला.