सुतारकाकांचा सपाट कोबा

सुतारकाकांना आयुष्यभर एकाच गोष्टीची चीड, तिरकेपणाची. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी चहा यायच्या आत टेबल डुगडुगतंय का ते हलवून बघणार. यजमानीण ओशाळायची, काकू डोळे वटारायच्या. माणूस गुणी, नाही असं नाही; पण कौतुक जरा जास्तच लागायचं.

गाडी विकली, गॅरेज रिकामं झालं. काकूंनी तिथं पडदे शिवायचं काम मांडायचं ठरवलं. काका खूश, बायको दिवसभर हाकेच्या अंतरावर राहणार! उखडलेली फरशी काढून त्यांनी स्वतः सिमेंटचा कोबा घातला. गवंड्याला फिरकू दिलं नाही. कोबा असा सपाट, की गोटी ठेवली तर जागची हलेना. अर्धी गल्ली बोलावून दाखवला.

पुढच्या मोठ्या सरीला शटरखालून पाणी आत आलं आणि ऐसपैस बसलं. दाराच्या कोपऱ्यात जाळी होती, पण सपाट जमिनीवरून पाणी तिकडे जाईल कशाला? गिऱ्हाइकाचं कापड खालून भिजलं. काकांनी शटरला रबर लावलं, कोब्याला चकचकीत रंग दिला. पाणी होतं तसंच राहिलं. वर त्या रंगावरून काकू घसरून पडल्या.

"अहो, आता बास," कंबर धरून काकू म्हणाल्या. "धाकटीचं गॅरेज ठणठणीत कोरडं आहे. मशीन तिकडे नेते मी."

धाकटीकडे म्हणजे साडूकडे! पत्त्यांत हरला तरी खो खो हसणारा माणूस तो. आता काकू दिवसभर त्याच्या घरी आणि काकांनी इथं भिंतींशी गप्पा मारायच्या?

साडू कामावर असताना काका हळूच त्याच्या गॅरेजात शिरले. जमिनीला गाल टेकवून, एक डोळा मिटून बघत होते, तेवढ्यात मेहुणी आली.

"भाऊजी, काही हरवलं का?"

"हरवलं नाही. तुमचा कोबा तिरका आहे."

"असणारच की! गाडी धुतल्यावर पाणी बाहेर जायला नको? मुद्दाम उतार काढून घेतलाय यांनी."

काका घरी पोचायच्या आधी ही बातमी पोचली. बहिणी-बहिणींचे फोन ते! काकू नुसत्या काकांच्या गालाला लागलेल्या मातीकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी काका आपणहून गवंड्याकडे गेले.

"एवढा देखणा कोबा फोडायचा?" गवंडी हळहळला. त्या हळहळीनं काकांना जास्तच लागलं.

"फोड बाबा. मागच्या भिंतीपासून दारापर्यंत उतार दे. दारात आडवा चर काढ, त्यावर जाळी बसव."

घण पडू लागले तेव्हा काका आत टीव्हीचा आवाज वाढवून बसले होते.

नवा कोबा पक्का झाल्यावर काकूंनी मागच्या भिंतीशी बादली ओतली. पाणी क्षणभर पसरलं आणि मुकाट जाळीत उतरलं.

"मग, ठेवू ना मशीन इथं?" काकांनी विचारलं.

"ठेवा. पण धाकटीच्या नवऱ्यानं जागा झाडून ठेवलीय. नको म्हणून तुम्हीच कळवा. आणि का नको, तेही सांगा."

काकांनी फोन लावला. बराच वेळ घसा खाकरला.

"अहो, जागा नको आता. आमचा कोबा... तुमच्यासारखा करून घेतला."

पलीकडचं हसू काकूंनाही ऐकू आलं. ते थांबायची वाट न बघता काकांनी फोन त्यांच्या हातात दिला आणि मशीन उचलायला गेले.